लोखंडापासून लांब

अब्बा,

तुमची कबर मला सापडली नाही. हे आधीच सांगून टाकते. कुणी गोष्ट सांगायला लागलं की तुम्ही मध्येच तोडायचात, "शेवटी काय झालं ते आधी सांग, मग लाव काय पाल्हाळ लावायचंय ते." तर शेवटी हे झालं. मी बहरीनला जाऊन आले, कबरस्तानात उन्हातान्हात फिरले आणि हात हलवत परत आले. आता चिपळूणच्या घरात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहितेय. बँकेतली रजा अजून दोन दिवस शिल्लक आहे. समोर तुम्ही दिलेला तो कंपास पडलाय आणि त्याच्याकडे बघून मला नुसता संताप येतोय. पाठवायचा प्रश्नच नाही, पाठवणार कुठं? पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि ज्याला सांगावं असं आता कुणी उरलेलं नाही.

बहरीनमधल्या झिंजच्या त्या फ्लॅटचं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. ओट्याला लागून खिडकी, खिडकीत पुदिन्याचा डबा. अम्मा तांदळाची भाकरी थापतेय, तुम्ही विमानतळावरची एसी दुरुस्तीची ड्युटी संपवून आलायत, बनियनवर बसून चहा पिताय, आणि मी दारात उभी राहून तेच तेच टुमणं लावलंय. शाळेच्या गाइडचा कॅम्प आहे सखीरला. सगळ्या मुली जाणार आहेत. चौघीचौघींच्या तुकड्या करून हातात नकाशा आणि कंपास देणार, आणि वाळवंटातून तंबूपर्यंत आपलं आपण यायचं. तुम्ही बशी खाली ठेवलीत. "वाळवंटात पोरी सोडतात? खुळे झाले काय तुमचे मास्तर लोक?" मी म्हटलं, बाई आहेत, मास्तर नाहीत. "मग बाई खुळ्या झाल्या. नाही जायचं. खलास." खलास म्हटलं की पुढं बोलायची सोय नसायची आपल्या घरात. मी दोन दिवस तोंड फुगवून बसले. अम्मा म्हणाली, "बापासारखीच आहे मेली, खाईल पण बोलायची नाही."

तिसऱ्या दिवशी तुम्ही खिशातून कंपास काढून माझ्यासमोर ठेवलात. मुहर्रकला, विमानतळाजवळच्या जुन्या घरांच्या गल्लीत एक दुकान होतं, घड्याळाचे पट्टे, टॉर्च, मासे पकडायचे गळ, सगळं एकाच काचेखाली. तिथून आणला होता. पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी, तिच्यावर फिरणारी गोल चकती, चकतीच्या आत तेलात तरंगणारा काटा. मी हात लावायला गेले तर तुम्ही तो बोटांखाली दाबून धरलात. "एकदा मला घरी आणून दाखव. वाळवंटात मी तुला नेईन, परत तू मला आणायचंस. मी तोंडातून शब्द काढणार नाही. एकदा आणलंस की जा कॅम्पला." कौतुकानं असं काही करणारा बाप तुम्ही नव्हतात. तुम्हाला भीती होती, आणि भीती घालवायचा तुमचा उपाय म्हणजे ती वस्तू खोलून बघायची. एसी असो नाहीतर पोरगी.

तुम्हाला कंपासातलं ओ की ठो कळत नव्हतं. मला शाळेत दाखवलं होतं तेवढंच. बिल्डिंगच्या मागच्या मोकळ्या जागेत उभं राहून मी तुम्हाला शिकवलं. पट्टीवरचा बाण जिकडे जायचं तिकडे धरायचा. मग चकती फिरवायची, तिच्यावर लाल घर काढलंय ना, काट्याचं लाल टोक त्या घरात येईपर्यंत. तुम्ही लगेच त्याची तुमची भाषा केलीत. "तांबडा घरात आला की दार लाव." दार लावणं म्हणजे चकतीला परत हात लावायचा नाही. मग नुसतं तांबड्याला घरात ठेवून बाणामागं चालत राहायचं. परत यायचं झालं तर तांबड्याऐवजी पांढरं टोक घरात. "म्हणजे जाताना नवरा घरात, येताना बायको," तुम्ही म्हणालात आणि स्वतःच खो खो हसलात. तुमचं ते हसणं वर तिसऱ्या मजल्यावर अम्माला ऐकू गेलं होतं, ती खिडकीतून विचारत होती काय झालं म्हणून.

मग शुक्रवार सुरू झाले. जुम्म्याची नमाज झाली की कंपनीची पिकअप घेऊन आपण सखीरला. युनिव्हर्सिटीच्या पुढं डांबर सोडायचं, खडीवाळूतून थोडं आत जायचं, आणि एखाद्या उंचवट्यामागं पिकअप लावायची म्हणजे लांबून दिसायला नको. थंडीच्या दिवसांत तिथं बहरीनी लोकांचे तंबू पडलेले असायचे, गालिचे, जनरेटर, शेळ्या, सगळा संसार. आपण दोघं त्यांच्या मधून हातात खेळणं असल्यासारखे चाललेले. पहिल्या शुक्रवारी मी तुम्हाला भलत्याच पिकअपपाशी नेलं, तिच्यात एक पाकिस्तानी ड्रायव्हर झोपला होता. दुसऱ्या शुक्रवारी जमत आलं होतं, पण मला घाई. तुम्ही ठरल्याप्रमाणे एक शब्द बोलत नव्हतात, मागून नुसत्या तुमच्या चपलांचा आवाज. मी वळून बघितलं की तुम्ही आकाशाकडे बघायचात. त्या आवाजाचा मला इतका राग यायचा, अब्बा, आणि आता तो ऐकायला मी काय वाटेल ते देईन.

तिसऱ्या शुक्रवारी वारा होता. वाळू डोळ्यांत जात होती आणि माझे हात गारठून हलत होते, काटा घरात थांबेचना. वाळवंटात तेलाचे पाइप गेलेले असतात, गुडघ्याएवढ्या उंचीवरून, मैलच्या मैल. त्यातला एक आडवा आला. मला वाटलं, बरं झालं. कंपास पाइपावर ठेवला. काटा लगेच शहाण्यासारखा थांबला. मी बाण बघितला, पुढचा पाइप आला की तिथं परत ठेवला, आणि निघाले छाती काढून. किती चाललो कोण जाणे. ऊन उतरलं. तंबू संपले. ओळखीचं काही दिसेना, आणि तुमच्या चपलांचा आवाज मागून येतच होता. शेवटी मी मटकन खाली बसले आणि रडायला लागले. तरी तुम्ही बोलला नाहीत. पहिल्यांदा बोलला तो एक बहरीनी म्हातारा, शेळ्या हाकत आलेला. "वेन सय्यारा?" गाडी कुठं आहे? तुम्ही दोन्ही हात वर केलेत, अल्लाला माहीत. तो असा हसला! आपल्याला तंबूत नेऊन चहा पाजला आणि त्याच्या जीपमधून पिकअपपाशी सोडलं. आपण भलत्याच दिशेला चाललो होतो, पार भलत्याच.

पिकअपमध्ये बसून तुम्ही कंपास हातात घेतलात. डॅशबोर्डजवळ नेलात तर काटा गरकन फिरला. लांब नेलात, जागेवर आला. परत जवळ, परत फिरला. असं चार-पाच वेळा करून बघितलंत आणि मग स्टिअरिंगवर हात आपटलात. "पाइप! अगो, पाइपावर ठेवत होतीस ना तू?" मी मान हलवली. मला वाटलं आता बसणार. तुम्ही ओरडलात खरे, पण मारायला उठल्यासारखं नाही ओरडलात. "हात हलतो म्हणून लोखंडाचा आधार घेतंस? हात हलला तर हलू दे गो. थांबेल तेव्हा थांबेल. लोखंडापासून लांब. कळलं? लोखंडापासून लांब!" त्या आठवड्यात तुम्ही ते इतक्यांदा म्हणालात की शेवटी अम्मानं कानावर हात ठेवले.

आणि त्याच संध्याकाळी घरी येऊन तुमच्या डोक्यात आलं की आपल्या घरातला किब्लाही, नमाजाला तोंड करायची ती दिशा, चुकलेला असणार. झिंजला राहायला आलो तेव्हा तुम्ही किब्ल्याचा छोटा डबीतला कंपास लोखंडी पलंगाच्या कडेवर ठेवून दिशा ठरवली होती, आणि तेव्हापासून नमाजाला जानमाज तशीच अंथरली जायची. तुम्ही नवा कंपास घेऊन खोलीच्या मधोमध उभे राहिलात, हात लांब धरून, बाजूला कुणी यायचं नाही म्हणून दटावत. मग वाकून जानमाज उचललीत आणि चांगली हातभर तिरकी केलीत. अम्मा दारात. "म्हणजे इतकी वर्षं मी कुणीकडे तोंड करून बसत होते?" तुम्ही म्हणालात, "सौदीतल्याच कुठल्या तरी वाळवंटाकडे." ती चिडली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तुम्ही तिच्याजवळ जाऊन हळू म्हणालात, "तो नियत बघतो. कंपास बघत नाही." अम्माचं त्यावर समाधान झालं. तिचं नेहमी व्हायचं.

चौथ्या शुक्रवारी मी तुम्हाला आणलं. वारा तेव्हाही होता, हात तेव्हाही हलत होता. मी उभी राहून वाट बघितली, पाइप आला की लांब जाऊन उभी राहिले, काटा थांबला की चालले. उंचवटा चढलो आणि खाली आपली पिकअप, पांढरी, धुळीनं माखलेली. तुम्ही मागून धावत येऊन माझ्या डोक्यावर टपली मारलीत. "यल्ला, जा कॅम्पला!" त्या दिवशी मी किती खूश होते ते सांगायला गेले तर आता खोटं वाटेल. घरी येताना तुम्ही शवर्मा घेतलात आणि पिकअपमध्ये बसून आपण दोघांनी खाल्ला, अम्माला न सांगता.

कॅम्प पुढच्या गुरुवारी होता. तुम्ही मंगळवारी गेलात. विमानतळावर छतावरच्या एसीचं काम करताना बसलात ते बसलातच. हे मला चाचांनी सांगितलं, आपल्या गावचे चाचा, तुमच्याच कंपनीत स्टोअरला होते ते. दुपारी दार वाजलं तेव्हा मी कॅम्पची बॅग भरत होते.

पुढचं सगळं किती भराभर झालं. घर बायकांनी भरलं, अम्मा पलंगावर, पुरुष जिन्यात. तुम्हाला इथंच पुरायचं, उशीर करायचा नाही, असं ठरलंसुद्धा. बायका काही कबरस्तानात जाणार नव्हत्या. मग माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली आणि ती निघेना. मला बघायला मिळणार नाही, आणि तुम्ही नसलात म्हणजे आमचा व्हिसा नाही, म्हणजे महिन्या-दोन महिन्यांत इथून जायचं, म्हणजे तुम्ही कुठं आहात हे मला कधीच कळणार नाही. मी कंपास घेतला आणि जिन्यात जाऊन चाचांची बाही धरली. "चाचा, हे घेऊन जा. गेटापाशी उभे राहा, बाण अब्बांच्या कबरीकडे धरा, तांबडा घरात आला की दार लावा. मग हात लावू नका, तसाच मला आणून द्या." कुणीतरी म्हणालं, पोरीचं डोकं फिरलं. चाचांचं तोंड रडून सुजलेलं होतं, पण त्यांनी ऐकलं. मी तीनतीनदा म्हणवून घेतलं त्यांच्याकडून. आणि हे पण सांगितलं, अब्बा, हे मी विसरले नव्हते, "लोखंडापासून लांब." तर त्या भल्या माणसानं तिथल्या तिथं मनगटावरचं घड्याळ काढलं, किल्ल्यांचा जुडगा काढला, खिशातली चिल्लर काढली, सगळं माझ्या ओंजळीत ओतलं आणि कंपास घेऊन तुमच्या मागून गेले.

संध्याकाळी परत आणून दिला. चकती फिरवलेली होती. "मागच्या भिंतीला लागून जी रांग आहे, त्या रांगेत आहे गो. गेटातून सरळ या बाणानं जायचं. भिंतीशी पोचलीस की तोच." नाव घालायची तिथं पद्धत नव्हती, डोक्याशी एक दगड उभा, सगळ्यांचा सारखाच. मी चकतीवर चिकटपट्टी लावली. आम्ही कोकणात परत आलो, शाळा बदलली, भाड्याची घरं बदलली, माझं लग्न झालं, मोडलं. त्या चकतीला मी हात लावला नाही.

अम्माचा त्या कंपासावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास. कुणी हळहळलं, बिचारा परमुलखात राहिला म्हणून, की ती ताठ बसायची. "राहिला तर राहिला. आमच्या पोरीकडे त्याची दिशा आहे." दर दोन-तीन महिन्यांनी मला विचारायची, "जाशील ना गो? सापडेल ना?" मी म्हणायचे, सापडेल, न सापडायला काय झालं. तिला एवढंच हवं होतं की कुणीतरी आपल्या माणसानं एकदा तिथं जाऊन उभं राहावं. बाकी तिनं काही मागितलं नाही. जायला पैसे नव्हते, मग रजा नव्हती, मग तिचंच आजारपण निघालं. ती गेली तेव्हा कंपास तिच्या उशाखाली होता. लोखंडी कॉटवर. मला ते बघून हसू आलं आणि मग कितीतरी वेळ थांबताच येईना.

चाचा बहरीन सोडून गावी आले ते अगदी म्हातारे होऊन. अम्माच्या चाळिसाव्याला भेटले. अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो. ते मोठ्या अभिमानानं सगळ्यांना सांगायला लागले, ही पोर तेव्हा एवढीशी, पण डोकं बघा. आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला सांगतो, बाय, त्या दिवशी माझे हात असे लटलटत होते, काटा काय थांबायला तयार नाही. तू इतकं बजावलं होतंस, चुकलं तर पोर काय म्हणेल? मग मी काय केलं, गेटाचा जो आडवा दांडा होता ना, त्याच्यावर ठेवला कंपास. कसा शांत बसला काटा! मग लावलं दार." लोक वाहवा करत होते. मी विचारलं, गेट कसलं होतं चाचा? "लोखंडी. चांगलं जाडजूड. तसलं आता मिळत नाही."

त्यांना काय बोलणार होते? किल्ल्या काढून दिल्या त्यांनी, चिल्लर काढून दिली. दाराच्या लोखंडाचं कुणाच्या लक्षात राहतं? मी त्यांना अजून थोडी बिर्याणी वाढली. पुढं ते वर्षभरच जगले, आणि मरेपर्यंत भेटेल त्याला हीच गोष्ट सांगत होते.

मग कितीतरी दिवस मी नुसती जळफळत होते. आणि एका दुपारी बँकेत काउंटरवर बसल्या बसल्या डोक्यात आलं, अगो, गेट तर तेच आहे ना! चाचांनी जिथं ठेवला, त्याच दांड्यावर मी कंपास ठेवला, तर ते लोखंड काट्याला तेवढंच ओढेल. त्यांची चूक आणि माझी चूक सारखीच होईल, आणि बाण बरोबर तुमच्याकडे जाईल. इतका आनंद झाला मला, की समोरच्या बाईच्या नोटा मी दोनदा मोजायच्या त्या एकदाच मोजून दिल्या. तुम्हाला हे आवडलं असतं, अब्बा. तुम्ही खो खो हसला असतात. त्या दुपारपासून तिकिटापर्यंत जे काही दिवस गेले, तेवढे दिवस मी बरी होते.

चाचांची नात तिथं नोकरीला आहे, झिंजलाच राहते, तिनंच व्हिजिट व्हिसा काढला. मुलगी गुणी आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते. गाडीत मी तिला सगळं सांगितलं, तर म्हणाली, "बट आंटी, नोबडी सेव्ह्ड द लोकेशन?" मी म्हटलं, हेच ते लोकेशन, आणि कंपास दाखवला. तिनं तो हातात घेऊन चकतीला बोट लावलं तर मी तिच्या हातावर फटकन मारलं. बिचारी दचकली. कबरस्तानाकडे येताना वळसा घालून सखीरवरून आणलं तिनं मला, मीच सांगितलं होतं. आपण हरवलो होतो तिथं आता गाड्यांच्या शर्यतीचा रस्ता आहे, मोठमोठे स्टँड. तो पाइप कुठं होता तेसुद्धा सांगता येणार नाही.

कबरस्तानाला गेट होतं. पांढरं, ॲल्युमिनियमचं, चाकावर सरकणारं. आत वॉचमन होता, बांगलादेशी, पन्नाशीचा. बाई बघून तो आधी नाही म्हणाला, मग मी कुठून आले ते सांगितल्यावर म्हणाला, "जाओ दीदी, लेकिन जल्दी." मी विचारलं, पुराना गेट? लोहे का? "वो तो भंगार में गया. खलास." कधी? त्याला माहीत नाही, तो यायच्या आधी. रस्ता रुंद केला तेव्हा भिंत आत घेतली, गेट हलवलं. "किधर था पुराना गेट?" त्यानं हात उचलला आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. "इधरइच कहीं." जुनं रजिस्टर? "मफी, दीदी. मफी." नाही म्हणजे नाहीच.

तरी मी ते केलं. आलेच होते. नव्या गेटापासून लांब उभी राहिले, हात लांब धरला, चिकटपट्टी न काढता तांबड्याला घरात आणलं. बाणानं मला हातपाय धुवायच्या, वजूच्या नळांकडे नेलं. परत आले, भिंतीच्या कडेनं दहा पावलं सरकले, परत धरला. आता बाण भलतीकडेच, कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या ड्रमाकडे. तिसऱ्यांदा कुठं उभं राहायचं ते कळेना. चाचांची नात गेटाशी मोबाइलकडे बघत उभी होती, मला दिसू नये अशा बेतानं डोळे पुसत होती. खोटा बाण खऱ्याकडे न्यायला तेच गेट हवं होतं, आणि ते कुठल्या तरी भट्टीत वितळून आता कुणाच्या तरी गॅलरीची जाळी झालं असेल.

मग मी मागच्या भिंतीशी गेले. ती तरी जुनीच आहे, असं वॉचमन म्हणाला. तिला लागून रांग. या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा माणूस ओळखू येणार नाही एवढी लांब. सगळे दगड एकसारखे. यातलाच एक तुमचा. मी एका टोकापासून निघाले आणि प्रत्येकापाशी थोडी थांबत गेले. वाटलं, तुमच्यापाशी आले की काहीतरी होईल, आतून कळेल. लोक सांगतात ना तसं. काही झालं नाही. एकेका दगडावरून पुढं जाताना मला एवढंच वाटत होतं की कदाचित आत्ता, या क्षणी, मी तुम्हाला ओलांडून चाललेय, आणि तुम्ही ठरल्याप्रमाणे तोंडातून शब्द काढत नाही आहात. बोला ना, मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. हरले मी, आता तरी बोला. वॉचमननं लांबून "दीदी, यल्ला" म्हणून हाक मारली.

अम्माला मी सापडेल म्हणाले होते, म्हणून मी एका दगडापाशी उभी राहिले. फातिहा म्हटली. तिचा सलाम सांगितला, तिनं किती वाट बघितली तेही सांगितलं. जे सांगायला इतक्या लांब गेले होते ते सगळं तिथं, त्या कुणाच्या तरी कबरीशी सांगून टाकलं. तो नियत बघतो, असं तुम्ही म्हणाला होतात. बघत असेल. अम्माचं त्यावर भागलं असतं. माझं नाही भागत, अब्बा. मला तुम्ही हवे होतात, त्या रांगेतले नेमके तुम्ही.

परतताना चाचांच्या नातीनं विचारलं, तीच का निवडलीत? काही खूण होती? मी तिला हो म्हटलं, मनात आलं आपोआप. ती खूश झाली, तिनं तिचा हात माझ्या हातावर ठेवला. तुम्हाला खरं सांगते. ऊन डोक्यात गेलं होतं, पाय दुखत होते, आणि भिंतीपलीकडे एक नवीन उंच बिल्डिंग झालीय, तिची सावली तेवढ्या एकाच दगडावर पडली होती.